सीमा आणि परकीय नागरिकांविषयीची विधेयके: चर्चेचे नियम ठरतात कसे?

राज्याची सीमा बदलणारे विधेयक आणि परकीय नागरिकांच्या प्रवेश-वास्तव्याविषयीचे विधेयक ही दोन्ही माणसाच्या रहिवासाला थेट हात घालतात. एकात गाव कोणत्या राज्यात राहणार हे ठरते, दुसऱ्यात माणूस कोणत्या हक्काने इथे राहणार हे. तरीही संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळांच्या नियमावलीत या विषयांसाठी चर्चेचे वेगळे प्रकरण नाही. जे नियम एखाद्या कर-विधेयकाला, तेच यांना. फरक एकच आहे: राज्यांच्या सीमांच्या विधेयकाला संविधानाने राज्य विधिमंडळाचे मत घेण्याचा एक जादा टप्पा दिला आहे, परकीयांविषयीच्या विधेयकाला असा टप्पा नाही. तो टप्पा किती खरा आणि त्याच्या अभावाने काय बिघडते, याभोवती हा वाद गेली सत्तर वर्षे फिरतो आहे.

खान्देशाचा या वादाशी दोन्ही बाजूंनी संबंध येतो. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणे. १९६० मध्ये पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा या तालुक्यांतली काही गावे संसदेच्या कायद्याने गुजरातेत गेली. इकडे जळगावच्या सिंधी समाजात पाकिस्तानातून येऊन दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारी कुटुंबे आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर केंद्राने पाकिस्तानी नागरिकांचे इतर व्हिसा रद्द केले, तेव्हा वृत्तपत्रांत आलेल्या जिल्हावार यादीत नागपूर आणि ठाण्यापाठोपाठ जळगावचे नाव होते, ३९३ नागरिकांसह. सीमेपासून इतक्या दूरच्या जिल्ह्यातही हा प्रश्न घरापर्यंत येतो.

अधिकार कोणाचा

नागरिकत्व आणि परकीय नागरिक हे विषय सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या १७व्या नोंदीत येतात; देशात प्रवेश, देशाबाहेर घालवणे, पारपत्र आणि व्हिसा १९व्या नोंदीत. म्हणजे महाराष्ट्र विधानसभेला यावर कायदा करता येत नाही. मात्र कायद्याची अंमलबजावणी राज्याच्या यंत्रणेकडूनच होते. मोठी शहरे सोडली तर परकीय नागरिकांच्या नोंदणीचे काम जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे राहत आले आहे, धुळे-जळगावातही तसेच. त्यामुळे विधिमंडळात हा विषय विधेयकाच्या रूपाने न येता तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना किंवा नियम २९३ खालच्या चर्चेच्या रूपाने येतो. कायदा दिल्लीत होतो आणि त्याच्या अंमलाचा जाब मुंबई-नागपुरात विचारला जातो, अशी ही विभागणी आहे.

राज्यांच्या सीमांबाबत संविधानाचे कलम ३ लागू होते. नवे राज्य करणे, क्षेत्र कमी-जास्त करणे, सीमा किंवा नाव बदलणे हे सर्व संसद साध्या बहुमताने करू शकते. त्यासाठी दोन अटी आहेत. विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच मांडले पाहिजे, आणि ज्या राज्याच्या क्षेत्रावर, सीमेवर किंवा नावावर परिणाम होणार असेल त्याच्या विधिमंडळाकडे मत देण्यासाठी ते आधी पाठवले पाहिजे. हे मत किती दिवसांत द्यायचे ते राष्ट्रपती ठरवतात. मुदतीची ही तरतूद डिसेंबर १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने आली, म्हणजे राज्य पुनर्रचनेचे विधेयक संसदेत येण्याच्या अगदी तोंडावर.

वेळ कोण देतो

लोकसभेत विधेयकाला किती तास द्यायचे हे कामकाज सल्लागार समिती ठरवते. अध्यक्ष स्वतः तिचे प्रमुख असतात आणि सदस्यसंख्या पंधरापर्यंत असते. राज्यसभेत सभापतींच्या नेतृत्वाखाली अकरा जणांची अशीच समिती आहे. महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतही कामकाज सल्लागार समित्या आहेत. समितीत पक्षांचे नेते बसतात, निर्णय शक्यतो एकमताने होतो आणि सभागृह तो मान्य करते.

ठरलेले तास मग पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटले जातात. कोण बोलणार ती नावे पक्षाचे प्रतोद अध्यक्षांकडे देतात. सीमेवरच्या मतदारसंघाचा प्रतिनिधी म्हणून कोणालाही जादा मिनिटे मिळत नाहीत. नंदुरबार किंवा धुळ्याच्या खासदाराला आपल्या गावांविषयी किती बोलता येईल हे त्याचा पक्ष किती मोठा आहे आणि पक्षाने त्याचे नाव दिले का, यावर ठरते. वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या व्यवस्थेचा परिणाम मोठा असतो आणि त्याकडे फार थोडे लक्ष गेले आहे.

विधेयकाच्या वाटचालीत विरोधकांना ते अडवण्याच्या काही जागा मिळतात. मांडण्याच्या वेळीच लोकसभेच्या नियम ७२ खाली हरकत घेता येते. ‘विधेयक विचारात घ्यावे’ या प्रस्तावाच्या वेळी ते प्रवर समितीकडे किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवावे, किंवा जनमतासाठी फिरवावे, अशी दुरुस्ती सुचवता येते. नंतर कलमवार विचार होतो. कलमे संपली की अनुसूची मताला येते. १९९३ पासून विभागीय स्थायी समित्याही आहेत. पण विधेयक त्यांच्याकडे पाठवणे बंधनकारक नाही. ते पीठासीन अधिकाऱ्यांच्या निर्णयावर आहे. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चच्या मोजणीप्रमाणे पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के.

पीठासीन अधिकाऱ्याच्या खुर्चीला या साऱ्यात किती वजन आहे, हे जळगाव जिल्ह्याला नवे नाही. रावेर तालुक्यातील खिरोद्याचे मधुकरराव चौधरी १९९० ते १९९५ या काळात आणि चोपड्याचे अरुण गुजराथी १९९९ ते २००४ या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते. जळगावच्या प्रतिभा पाटील १९८६ ते १९८८ राज्यसभेच्या उपसभापती होत्या आणि त्याच काळात त्या सभागृहाच्या कामकाज सल्लागार समितीवरही होत्या.

पश्चिम खानदेशची गावे आणि कलम ३

राज्य पुनर्रचनेचे विधेयक १९५६ मध्ये मुंबई राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी आले तेव्हा त्यात तीन घटक होते: महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई. विधिमंडळाने त्यावर चर्चा केली. पुढे विधेयक संसदेच्या संयुक्त समितीतून गेले आणि ऑगस्टमध्ये लोकसभेत त्यात मोठी दुरुस्ती झाली. तीन घटकांच्या जागी विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ धरून एकच द्विभाषिक मुंबई राज्य आले. या रूपावर मुंबई विधिमंडळाचे मत कोणी विचारले नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य अस्तित्वात आले.

याला बाबूलाल पराते यांनी न्यायालयात आव्हान दिले. विधिमंडळापुढे एक प्रस्ताव ठेवायचा आणि संसदेने दुसराच मंजूर करायचा, हे कलम ३ च्या अटीत बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९५९ रोजी ते फेटाळले. न्यायालयाच्या मते मूळ प्रस्तावावर मत देण्याची संधी मिळाली की अट पूर्ण होते, विधेयकात नंतर होणाऱ्या प्रत्येक दुरुस्तीसाठी ते पुन्हा पाठवण्याची गरज नाही, आणि विधिमंडळाचे मत संसदेवर बंधनकारकही नाही. मुंबई राज्याच्या या खटल्यातून निघालेला नियम आजही देशभर लागू आहे.

पुढच्याच वर्षी द्विभाषिक राज्य मोडले. मुंबई पुनर्रचना अधिनियमाला २५ एप्रिल १९६० रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ मे रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये झाली. या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे तीन भाग आहेत: पहिल्यात ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यातील गावे, दुसऱ्यात पश्चिम खानदेशातील नवापूर आणि नंदुरबार तालुक्यांतील, तिसऱ्यात अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतील. डांगही गुजरातेत राहिले. पश्चिम खानदेशातील गावांच्या हस्तांतरामागे भाषेबरोबर तापीवरच्या नियोजित उकाई धरणाचाही विचार होता. आज गुजरातच्या तापी जिल्ह्यात असलेले उच्छल आणि निझर हे तालुके याच भागातले. सुरत-भुसावळ मार्गावरच्या नवापूर स्थानकातून राज्यसीमा जाते. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आहे, दुसरा गुजरातेत.

चर्चेच्या नियमांच्या दृष्टीने पाहिले तर मुंबई आणि विदर्भाचे प्रश्न अधिनियमाच्या मुख्य कलमांत होते आणि त्यांवर वर्षानुवर्षे बोलले गेले होते. सीमेवरची गावे मात्र अनुसूचीत होती आणि अनुसूची कलमांनंतर मताला येते. ज्या आदिवासी गावांचे राज्य बदलणार होते त्यांचे म्हणणे स्वतंत्रपणे सभागृहापुढे आणण्याची वाट नियमांत नव्हती, आजही नाही. मत विचारायचे ते राज्याच्या विधिमंडळाला, गावाला किंवा जिल्ह्याला नाही. हा उणेपणा त्या काळच्या कोणा एका पक्षाचा म्हणता येणार नाही. तो कलम ३ च्या रचनेतच आहे.

नंतरच्या घटनांनी या रचनेच्या दोन टोकांची परीक्षा घेतली. आंध्र प्रदेश पुनर्रचना विधेयकावर आंध्रच्या विधानसभेत जानेवारी २०१४ अखेरपर्यंत चर्चा झाली, विधानसभेने ते आवाजी मतदानाने नाकारले आणि तरी संसदेने फेब्रुवारीत ते मंजूर केले. लोकसभेतील मंजुरीच्या वेळी कामकाजाचे दूरचित्रवाणी प्रक्षेपणही बंद होते. जम्मू-काश्मीरच्या बाबतीत ऑगस्ट २०१९ मध्ये तिथली विधानसभा विसर्जित होती आणि राष्ट्रपती राजवटीत तिचे काम संसदेकडे होते. पुनर्रचनेचे विधेयक ५ ऑगस्टला राज्यसभेत मांडून त्याच दिवशी मंजूर झाले, दुसऱ्या दिवशी लोकसभेत.

देशाची सीमा

देशाचा भूभाग परक्या राष्ट्राला द्यायचा असेल तर कलम ३ पुरत नाही, घटनादुरुस्ती लागते, असे मत सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये पाकिस्तानला द्यायच्या बेरुबारीच्या भूभागासंदर्भात दिले. कच्छच्या रणातील भारत-पाकिस्तान सीमेविषयीच्या लवादाच्या निवाड्याबाबत १९६९ मध्ये न्यायालयाने भेद केला: मुळात अनिश्चित असलेली सीमा निश्चित करणे म्हणजे भूभाग देणे नव्हे, त्यासाठी घटनादुरुस्ती नको.

बांगलादेशाशी झालेल्या भूसीमा कराराची शंभरावी घटनादुरुस्ती हे या वर्गातले सर्वांत चांगले उदाहरण म्हणावे लागेल. डिसेंबर २०१३ मध्ये विधेयक राज्यसभेत आले, परराष्ट्र व्यवहार विषयक स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल डिसेंबर २०१४ मध्ये आला आणि मे २०१५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते एकाही विरोधी मताशिवाय मंजूर केले. बांगलादेशातील १११ भारतीय आणि भारतातील ५१ बांगलादेशी छिटमहालांचा, म्हणजे दुसऱ्या देशाने वेढलेल्या वस्त्यांचा, प्रश्न त्याने मिटला. मध्ये सरकार बदलले तरी समितीचे काम वाया गेले नाही. संवेदनशील सीमेचे विधेयकही सावकाश आणि एकमताने नेता येते, हे यातून दिसले.

परकीय नागरिकांची विधेयके

परकीय नागरिकांविषयीचा १९४६ चा कायदा स्वातंत्र्यापूर्वीचा होता आणि जवळपास ऐंशी वर्षे तोच चालला. या काळात संसदेत जी चर्चा झाली ती बहुतेक नागरिकत्वाच्या कायद्यातील दुरुस्त्यांवर.

नागरिकत्व दुरुस्ती विधेयक दोनदा दोन वाटांनी गेले, म्हणून त्याची तुलना उपयोगी आहे. २०१६ चे विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले. अहवाल जानेवारी २०१९ मध्ये आला, दुसऱ्याच दिवशी लोकसभेने विधेयक मंजूर केले आणि लोकसभेची मुदत संपल्यावर ते बारगळले. डिसेंबर २०१९ मध्ये बदललेले विधेयक आले. ९ डिसेंबरला लोकसभेत ते मांडण्याच्या प्रस्तावावरच मतविभागणी झाली, २९३ विरुद्ध ८२. मध्यरात्रीनंतर ते ३११ विरुद्ध ८० मतांनी मंजूर झाले. ११ डिसेंबरला राज्यसभेत ते प्रवर समितीकडे पाठवण्याची सूचना १२४ विरुद्ध ९९ मतांनी पडली आणि विधेयक १२५ विरुद्ध १०५ मतांनी मंजूर झाले. शिवसेनेने लोकसभेत बाजूने मत दिले आणि राज्यसभेत सभात्याग केला. सरकारचे म्हणणे होते की विषय समितीत होऊन गेला आहे; विरोधकांचे की हे विधेयक वेगळे आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. जुन्या विधेयकावरचा अहवाल नव्या विधेयकाला किती लागू धरायचा, याबद्दल नियमावली गप्प आहे.

आप्रवासन आणि परकीय नागरिक विधेयक ११ मार्च २०२५ रोजी लोकसभेत आले. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालच्या चार कायद्यांची जागा ते घेणार होते. मांडण्याच्या वेळीच काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी हरकत घेतली. विधेयक मागे घ्या किंवा संयुक्त समितीकडे पाठवा, अशी विरोधकांची मागणी होती. २७ मार्चला लोकसभेने आणि २ एप्रिलला राज्यसभेने ते मंजूर केले. १ सप्टेंबर २०२५ पासून कायदा लागू झाला. चार कायद्यांचा एक कायदा करताना तीन आठवडे पुरेसे होते का, हा प्रश्न त्यानंतरही विचारला जात आहे.

याच विषयाला स्पर्श करणारे एक विधेयक जवळजवळ चर्चेविना गेले. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती लोकसभेने १ ऑगस्टला मणिपूरमधील हिंसाचारावरून चाललेल्या गदारोळात आवाजी मतदानाने मंजूर केली. तिने एका वर्षानंतरच्या जन्मनोंदीला परवानगी देण्याचा अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून काढून कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे दिला. २०२५ मध्ये परकीय नागरिकांनी मिळवल्याचा आरोप झालेल्या, मालेगाव आणि अन्य ठिकाणच्या उशिराच्या जन्मदाखल्यांवरून महाराष्ट्रात वाद पेटला, राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि धुळे-जळगावच्या तहसील कचेऱ्यांतही दाखल्यांची छाननी सुरू झाली. दोन वर्षांपूर्वी सभागृहात न विचारलेले प्रश्न आता तहसीलदारांच्या टेबलावर आले. त्यात ज्यांची नोंद घरी जन्म झाल्यामुळे राहून गेली अशी गरीब कुटुंबेही सापडतात, ही गोष्ट कोणत्याही बाजूने विसरता कामा नये.

भूमिका

सरकारपक्षाची बाजू, मग सरकार कोणाचेही असो, साधारण सारखी राहिली आहे. सुरक्षेशी निगडित विषयात दिरंगाई परवडत नाही. तास सर्व पक्षांच्या समितीत ठरलेले असतात. बहुमताला निर्णय घेण्याचा अधिकार आहे. आणि समितीचा वापर अनेकदा विधेयक लांबवण्यासाठी होतो. यातला शेवटचा मुद्दा निराधार नाही.

दुसरी भूमिका समिती बंधनकारक करण्याची आहे. माणसाचे नागरिकत्व, अटक, हद्दपारी यांना हात घालणारे विधेयक साक्षीपुरावे ऐकल्याशिवाय मताला येऊ नये, अपवाद करायचा तर कारण नोंदवावे, असे ती सांगते. या बाजूने शंभरावी घटनादुरुस्ती पुढे केली जाते.

तिसरी भूमिका संघराज्याची. विधेयकाचे मूळ रूप पालटले तर ते राज्याकडे पुन्हा गेले पाहिजे, परातेंच्या खटल्यातील निकाल फेरविचाराला घ्यावा, असे घटनातज्ज्ञांतील एक गट मानतो. त्याला उत्तर असे दिले जाते की मग एक राज्य पुनर्रचना अनंत काळ अडवू शकेल. भाषावार प्रांतरचना झाली ती कलम ३ लवचीक होते म्हणूनच, आणि महाराष्ट्रही त्याच लवचीकतेतून जन्मला. हे उत्तर वजनदार आहे, पण सीमेवरच्या गावांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

पीठासीन अधिकाऱ्यांचे स्वेच्छाधिकार राखावेत असेही एक मत आहे: प्रत्येक प्रसंग नियमात आधी लिहिता येत नाही. याच्या उलट, १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सदस्य पक्षादेशाने बांधलेला असताना वेळ आणि समिती या दोन्ही गोष्टीही बहुमताच्या हाती राहिल्या तर चर्चेला काय उरते, असा सवाल आहे. १९६० च्या सभागृहात पक्षादेश मोडला तरी सदस्यत्व जात नव्हते.

अन्यत्र

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात तेरा जणांची नियम समिती प्रत्येक मोठ्या विधेयकासाठी वेगळा नियम करते: किती वेळ, कोणत्या दुरुस्त्या, की एकही नाही. नऊ सदस्य बहुमताच्या पक्षाचे असतात. सिनेटमध्ये उलट स्थिती आहे. चर्चा थांबवायला शंभरपैकी साठ मते लागतात; फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्ही पक्षांच्या वाटाघाटींतून आलेले सीमा विधेयक ४९ विरुद्ध ५० मतांवर तिथेच अडले. ब्रिटनमध्ये दुसऱ्या वाचनानंतर वेळापत्रकाचा प्रस्ताव सभागृहात मताला येतो, म्हणजे वेळेवरही उघड मतदान होते. आश्रय मागणाऱ्यांना रवांडात पाठवण्याविषयीचे विधेयक एप्रिल २०२४ मध्ये लॉर्ड्स आणि कॉमन्स यांच्यात अनेक फेऱ्या मारून मंजूर झाले. भारतात वेळ बंद खोलीत एकमताने ठरतो. त्यात सौजन्य आहे, पण कोणी किती वेळ मागितला आणि कोणी नाकारला याची नोंद मतदाराला सहसा दिसत नाही.

अनिर्णित राहिलेले

न्यायप्रविष्ट विषयावर सभागृहाने किती बोलावे, हा एक मोकळा प्रश्न आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तरी डिसेंबर २०२२ मध्ये आधी कर्नाटकाच्या आणि मग २७ तारखेला नागपुरात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ठराव केले. महाराष्ट्राच्या ठरावात दाव्यातील ८६५ गावांचा उल्लेख आहे. ठराव आणि न्यायप्रविष्टतेचा नियम यांची सांगड प्रत्येक वेळी अध्यक्षांच्या निर्णयाने घातली जाते, लेखी कसोटी नाही.

दुसरा प्रश्न विधेयकानंतरचा आहे. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीचे नियम ११ मार्च २०२४ रोजी आले, चार वर्षांहून अधिक काळाने. दरम्यान गृह मंत्रालयाने दोन्ही सभागृहांच्या दुय्यम विधान समित्यांकडून वारंवार मुदतवाढ घेतली. १ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या सहा अल्पसंख्य समुदायांच्या लोकांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या शिक्षेतून सूट मिळाली. नागरिकत्वाच्या कायद्यातील तारीख ३१ डिसेंबर २०१४ आहे आणि ती तशीच राहिली. सूट फक्त वास्तव्याबाबत आहे. जळगावसारख्या ठिकाणच्या कुटुंबांसाठी अशा आदेशातले एक वाक्य सभागृहातल्या कित्येक तासांपेक्षा जास्त मोलाचे असते. पण विधेयकावर चर्चा होते तेव्हा आदेशांचा मजकूर सदस्यांपुढे नसतो. नियम नंतर पटलावर ठेवले जातात. त्यावर चर्चा हवी असेल तर सदस्याने सूचना द्यावी लागते, आणि त्या सूचनेसाठी वेळही कामकाज सल्लागार समितीकडूनच मिळवावा लागतो.